अंगणातली काळी खडी

"हात लावू नका! वन्सं, सांगून ठेवते, माझ्या लेकीला हात लावू नका!"

आक्का उंबऱ्यातच थबकली. रोजच्यासारखी ती भट्टीवरच्या कामावरून आली होती, रोजच्यासारखी चिंगी दुडुदुडू धावत तिच्या पदराकडे निघाली होती, आणि भावजयीनं मधेच झेप घालून पोरीला असं खेचून घेतलं होतं, की दारात आक्का नव्हे, साप उभा असावा! चिंगी भोकाड पसरून रडू लागली. पुढं केलेले हात आक्कानं हळूच पदराखाली घेतले. सकाळी दवाखान्यात काय कबूल करून बसलो आहोत, ते सवयीच्या भरात ती विसरलीच होती. तिला राग आला नाही. राग यायलासुद्धा अंगात थोडी ताकद लागते, आणि आक्काची ताकद अलीकडे कुठं झिरपून जात होती, देव जाणे...

"चुकलं माझं," ती म्हणाली. "कपडे घेते आणि जाते."

तिचा भाऊ, मास्तर, खाटेवर खाली मान घालून बसला होता. जगाच्या पोरांना 'खरे बोलावे' असं फळ्यावर लिहून देणारा हा माणूस घरात मात्र मूग गिळून बसण्यात पटाईत होता.

आई-बाप गेले तेव्हा हा भाऊ आक्काच्या कडेवर होता. त्याला शिकवायचं म्हणून ती जुन्या बॅटऱ्या फोडण्याच्या कामाला लागली. कुऱ्हाडीनं बॅटरी फोडायची, आतलं आम्ल नालीत ओतायचं, शिशाच्या काळ्या प्लेटा काढून भट्टीत द्यायच्या... स्थळं आली, परत गेली, मग यायचीच थांबली. नालीतलं पाणी ओढ्याला मिळायचं. ओढ्यातले बेडूक आधी मुके झाले, मग मासे दिसेनासे झाले, मग काठचं गवत जळालं. गवळ्याची म्हैस तिथलं पाणी प्यायची. ती आंधळी होऊन गोलगोल फिरत मेली, आणि लोकांनी नावं ठेवली ती गवळ्याला! आक्का हे सगळं पाहत होती. पण हातावर पोट असलं की डोळ्यांना पाहूनही न पाहायची सवय लागते.

भाऊ मास्तर झाला, लग्न झालं, चिंगी जन्मली. घरापुढं अंगण होतं आणि अंगणात घोटाभर चिखल. भट्टीमागं, शिसं काढून घेतल्यावर उरलेल्या काळ्या, चकचकीत खड्यांचा ढीग पडलेला असे.

"आक्का, भट्टीच्या शेठला विचार की! फुकट देईल. अंगणात पसरून टाकू."

"नको रे बाबा. त्या ढिगाखाली गवतसुद्धा उगवत नाही."

"मग तर उत्तमच! खुरपायचं काम वाचलं!" असं म्हणून मास्तर स्वतःच्याच विनोदावर पोट धरून हसला होता, आणि सुट्टीच्या दिवशी गाडी भरून खडी घेऊन आला होता. बायकोला त्यानं ती कुठली हे सांगितलंही नाही. खडी ती खडी, त्यात काय सांगायचं? पुढं अंगणात टिपणाऱ्या कोंबड्या माना टाकून मेल्या. साथ आली असेल, म्हणून सगळ्यांनी माना डोलावल्या. आणि त्याच अंगणात चिंगी दिवसदिवस खेळायची, काळे खडे निवडायची, मुठीत धरायची, चोखायची...

मग तिचं पोट दुखू लागलं. ती फिकट पडली. 'आत्या', 'चांदोबा', 'दूध' असे नुकते कुठं उमललेले शब्द एकेक करून तिच्या ओठांवरून नाहीसे झाले.

त्या सकाळी डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, "रक्तात शिसं आहे. पुष्कळ आहे. ते आलं कुठून, ते आधी बंद करा." हे ऐकताच भावजय जागच्या जागी ताठ झाली होती. "ज्यानं माझ्या घरात हे विष आणलं ना, त्याचं तोंड मी जन्मात बघणार नाही! लेकीला घेऊन निघून जाईन, परत यायची नाही!" आणि रडणाऱ्या चिंगीला थोपटत ती बाहेर गेली. तेव्हा डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "भट्टीवरचं काही घरी आणता का? पत्रा, भंगार, खडी?" आक्कानं मास्तरकडं पाहिलं. मास्तरचा चेहरा खडूसारखा पांढरा पडला होता. दोघांनाही एकाच क्षणी सगळं कळलं!

"ती खडी काढून टाका. आजच," बाई म्हणाल्या.

जिना उतरताना मास्तरनं बहिणीचा हात घट्ट धरला. "आक्का, ती जाईल गं... चिंगीला घेऊन जाईल..."

"तू आज खणून काढतोस का सगळं? शपथ घे माझी."

"काढतो. तुझी शपथ!"

मग आक्का खाली गेली आणि भावजयीसमोर उभी राहून म्हणाली, "माझ्या कपड्यांतून आलं बाई हे. त्याच लुगड्यानं मी पोरीला उचलून घेत होते." ते अगदीच खोटं नव्हतं; म्हणून तर ते तिला न अडखळता बोलता आलं. तिथूनच ती परस्पर कामावर गेली.

भट्टीच्या मागं पत्र्याची एक खोली होती, त्या संध्याकाळपासून आक्का तिथं राहू लागली. मोडक्या बॅटऱ्या सोबतीला, आणि वारा आला की अंगावर करडी धूळ. पोटात पीळ पडायचा, हिरड्यांवर निळसर रेघ उमटली होती, आणि उजवा हात मनगटातून खाली लोंबू लागला होता. तो उचलायला डाव्या हाताची मदत लागे. तिला त्याचं दुःख नव्हतं. अंगण स्वच्छ झालं असेल, चिंगी पुन्हा बोलू लागली असेल... एवढ्या एका विचारावर ती दिवस ढकलत होती.

एके दिवशी मास्तर भट्टीच्या फाटकाशी येऊन उभा राहिला.

"आक्का, चिंगीचं शिसं वाढलंय."

"वाढलंय? खडी काढलीस ना?"

मास्तर पायाच्या अंगठ्यानं माती उकरू लागला. "खणायला लागलो असतो तर तिनं विचारलं असतं ना, का खणता म्हणून... वरून ताडपत्री टाकलीये, पण पोरगी कड उचलून खडे काढते. सुट्टी लागली की करणारच होतो..."

आक्का त्याच्याकडं पाहतच राहिली. आयुष्यात पहिल्यांदा तिला या भावाच्या एक थोबाडीत द्यावीशी वाटली, आणि हातच वर उचलला गेला नाही!

"उद्या तुम्ही दवाखान्यात जाणार?"

"हो, सकाळी."

"जा मग," ती म्हणाली आणि पाठ फिरवली.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून परतलेल्या भावजयीला अंगणात नणंद दिसली. ताडपत्री गुंडाळून बाजूला ठेवलेली, शेजारी दोन पोती, आणि आक्का धापा टाकत खणत होती. मनगट धरत नव्हतं, म्हणून तिनं फावड्याचा दांडा हाताला चिंधीनं करकचून बांधला होता.

"आता काय पुरताय माझ्या अंगणात? एवढ्यानं समाधान नाही झालं तुमचं?"

"पुरत नाही गं... काढतेय." आक्काला दम लागला होता. "ही खडी भट्टीवरची आहे. विष हिच्यात आहे. मी... मीच आणली होती. पोरीला आत ने, धूळ उडतेय."

"तुम्ही आणलीत? कपड्यांचं सांगून खडीचं लपवलंत? पोरगी रोज इथं खेळत होती, आणि तुम्ही..." तिनं चिंगीला छातीशी कवटाळलं. "बाई आहात की कोण आहात!"

आक्कानं मान खाली घातली आणि पुन्हा फावडं उचललं. ते अर्ध्यावर गेलं, हात वळला, आणि फावडं तिला घेऊनच जमिनीवर पडलं.

"पुरे!" मास्तर ओरडला. त्याचा तो आवाज घरानं कधी ऐकला नव्हता. "ती नाही! मी आणली! ती नको म्हणत होती आणि मी हसलो होतो तिला. त्या दिवशी मी कबूल करायला हवं होतं... मी भ्यालो गं, तू जाशील म्हणून भ्यालो..."

भावजयीनं लेकीला घरात नेऊन बसवलं, बाहेर आली आणि नवऱ्याकडं पाठ करून उभी राहिली.

"माझ्याकडं बघू नका. आधी पाणी मारा, धूळ उडू देऊ नका. नाकाला फडकं बांधा, आणि खणा. खालची माती लागेपर्यंत खणा. पोती ओढ्यात टाकायची नाहीत, शेठच्या दारात नेऊन उभी करायची."

मास्तरनं सदऱ्याच्या बाह्या वर केल्या.

भावजय आक्काजवळ बसली. चिंधीची गाठ सुटेना, तेव्हा तिनं ती दातांनी सोडवायला तोंड पुढं केलं, तशी आक्का दचकली, "अगं, तोंड नको लावूस! धूळ आहे तिच्यावर!" आणि तेवढ्यानं भावजयीचा बांध फुटला.

"वन्सं... मला का नाही सांगितलंत?"

"तू निघून गेली असतीस."

"गेलेच असते! पण पोरीला त्या खड्यांत तर नसतं ना बसू दिलं!"

"तेच चुकलं माझं," आक्का म्हणाली. "मला वाटलं, शपथ घेतलीये, पाळेल. त्याला लहानाचा मोठा मीच केला, तरी एवढं कळलं नाही."

भावजयीनं आक्काला हाताला धरून न्हाणीत नेलं, ऊन पाणी काढलं आणि आईनं लेकीला घालावं तसं न्हाऊ घातलं. केसांतून करडं पाणी निथळत होतं. ते तिनं बाहेर जाऊ न देता घमेल्यात धरलं. एका पाण्यानं केस स्वच्छ झाले नाहीत, दुसऱ्यानंही नाहीत. दोघीही रडत होत्या, पण दमल्यामुळं त्या रडण्याला आवाज नव्हता.

धुतलेलं लुगडं नेसवून तिनं आक्काला खाटेवर बसवलं आणि चिंगीला तिच्या मांडीवर ठेवलं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, गेलेलं सगळंच परत येईल असं नाही. थोडं येईल, सावकाश येईल. चिंगी आत्याच्या तोंडाकडं टकमक पाहत होती. आक्काचे हात तिच्याभोवती वळेनात, तेव्हा भावजयीनं ते एकेक करून उचलले आणि पोरीच्या पाठीवर नीट ठेवले.

"आता इथंच राहायचं. भट्टीवर जायचं नाही."

बाहेर फावड्याचा आवाज एकसारखा चालू होता. ऊन चांगलंच वर आलं होतं. थोड्या वेळानं तो आवाज मंदावला, थांबला, पुन्हा सुरू झाला. आक्काचं लक्ष तिकडंच होतं. शेवटी तिला राहवलं नाही.

"त्याला पाणी दे गं कुणीतरी," ती म्हणाली. "सकाळपासून उपाशी असेल."

घरात दुसरं कुणी नव्हतं. भावजय बराच वेळ भिंतीकडं पाहत बसून राहिली. मग ती उठली, माठातून तांब्याभर पाणी काढलं, आणि नवऱ्याच्या तोंडाकडं न पाहता ते उंबऱ्यावर नेऊन ठेवलं.