तालमीतले जनरल

सकाळचा चहा घशाखाली उतरायच्या आधीच अनसूयाताईंनी जनरल बार्दान यांना दोनदा चांगलं फैलावर घेतलं होतं. जनरलना त्याचं काहीच वाटलं नाही, कारण ते तिथे नव्हतेच. समोरच्या खुर्चीत होता तो त्यांचा प्रतिमाणूस. एखाद्याची भाषणं, मुलाखती, चालण्याबोलण्याच्या लकबी यंत्राला पुरवल्या, की यंत्र उजेडाची हुबेहूब आकृती उभी करायचं. खऱ्या भेटीआधी तिच्याशी हवं तितकं भांडून घ्यायचं. यालाच तालीम म्हणत.

अनसूयाताई एके काळच्या पंतप्रधान. जित्याची खोड ती, खुर्ची गेली म्हणून थोडीच जाते? त्यांच्यासारख्याच काही माजी राष्ट्रप्रमुखांनी मिळून एक मंडळ काढलं होतं. कुठे युद्ध थांबवा, कुठे कुणाला तुरुंगातून सोडवा, असले उपद्व्याप. लोक कौतुकाने म्हणा, कुचेष्टेने म्हणा, त्याला पेन्शनरांचा कट्टा म्हणत.

यंदा कट्टा चिखलदऱ्याला जमला होता, तो इलेनासाठी. कोरेव्हिया या डोंगराळ देशातली ही परिचारिका. बंडखोरांच्या जखमा बांधल्या म्हणून तिला उद्या फाशी होती, आणि ती थांबवणं एकट्या जनरलच्या, म्हणजे तिथल्या हुकूमशहाच्या, हातात होतं. चार वाजता ते ताईंशी बोलणार होते, तेही आपल्या राजधानीतूनच, अशाच उजेडाच्या आकृतीतून.

ताईंचं मात्र समाधान होईना. हा प्रतिमाणूस अगदीच पुस्तकी बोलतो, अशी कुरकुर त्यांनी ओकेलोंकडे केली. ओकेलो पूर्व आफ्रिकेतल्या एका देशाचे माजी अध्यक्ष, आणि यंत्राची सगळी देखभाल त्यांच्याकडे. त्यांनी यंत्राला बजावलं, की होईल तितका अस्सल माणूस दे, आणि ते बाहेर गेले.

यंत्र थोडा वेळ थबकलं. मग खुर्चीत जनरल पुन्हा उमटले. या वेळी थकलेले, डोळे तांबारलेले. ताईंनी तोंडाचा नेहमीचा पट्टा सुरू केला: तुम्हाला न्यायाची चाड नाही, तुम्ही स्वतःच्याच अधिकाऱ्यांना घाबरता. मग एकदम जनरलचा बांध फुटला. ही इलेना त्यांच्या बहिणीची शुश्रूषा करत होती म्हणे. बहिणीला शेवटचं पाणी तिनेच पाजलं. तिला माफी दिली तर हाताखालचे लोक मला दुबळा समजतील, आणि नाही दिली तर मला झोप लागणार नाही, असं सांगताना तो मिशाळ माणूस हमसून रडला.

"मला तिला सोडायचं आहे," ते म्हणाले. "पण दुपारी त्या खऱ्या बाईंसमोर हे माझ्या तोंडून निघायचं नाही."

आकृती विझली. ताई चक्रावल्या. खऱ्या बाई? म्हणजे मग मी कोण? यंत्राने हे रडणं कुठून आणलं? त्यांनी स्वतःलाच चिमटा काढून पाहिला.

ओकेलो आले ते धावतपळतच. यंत्राने या वेळी प्रतिमाणूस घडवलाच नव्हता. तिकडे राजधानीत जनरलही याच यंत्राच्या जाळ्यावर ताईंच्या प्रतिमाणसाशी तालीम करत होते, आणि त्यांनीही नेमका अस्सल माणूसच मागितला होता. यंत्राने सरळ दोन्ही खोल्या एकमेकींना जोडून दिल्या. खऱ्यासमोर खरा बसला, आणि दोघांनीही समोरच्याला खोटं मानलं.

हे जाहीर करावं का, असं ओकेलोंनी विचारलं. ताईंनी नकारार्थी मान हलवली. चारचौघांत रडका ठरलेला हुकूमशहा आपण कणखर आहोत हे दाखवायला इलेनाला आजच फासावर चढवेल. पण मग चार वाजता बोलायचं तरी काय? इतकी भांबावलेली अवस्था त्यांची पहिल्या निवडणुकीतही झाली नव्हती.

चार वाजता जनरल आले. चेहरा दगडी. कायदा आपलं काम करील, ते म्हणाले. त्या बाईला मी ओळखतही नाही.

ताईंना राहवलं नाही. "तुमच्या बहिणीला शेवटचं पाणी तिने पाजलं, जनरल."

जनरलचा चेहरा उतरला. पुढे वाकून ते ताईंना निरखू लागले. मग आवाज अगदी खाली आणून त्यांनी विचारलं, "तुम्ही खऱ्या आहात, की तालमीतल्या?"

खरी म्हणावं तर हा माणूस पुन्हा दगड होणार आणि सकाळी इलेना जाणार. तालमीतली म्हणावं तर ती कदाचित वाचेल. पण माणसांच्या हक्कांसाठी उभं राहायचं आणि एका माणसाला असं फसवायचं? बरं, खोटं तरी कोणतं? दिवसभरात खरं बोलणं झालं ते तालमीतच झालं होतं. समोरचा म्हातारा वाट बघत होता, त्यांच्याइतकाच गोंधळलेला, आणि ताईंना एकाएकी त्याची दया आली.

"जनरल," त्या म्हणाल्या, "तुम्हाला त्यांपैकी कोण हवी आहे?"