यादीतलं सदतिसावं नाव

इजिप्तमधल्या आमच्या तांता शहरात पाऊस पाहुण्यासारखा येतो, बसतो न बसतो तोच निघतो. त्या सकाळी मात्र मला जिन्यापर्यंत भिजवून गेला. हिजाबाची टोकं पिळत वर आले, तर ऑफिसच्या दारावर नवी यादी. तिच्यापुढे चहाचा ग्लास धरून एक उंच, अनोळखी माणूस उभा.

आमच्या संग्रहात उरुसांत नबींची स्तुती गाणाऱ्या शेखांची सहाशे ध्वनिमुद्रणं होती, प्रत्येकाचं एकेक. नवा सर्व्हर लहान. सर्वांत जास्त ऐकलेली चाळीसच त्यावर जाणार, बाकीची गुरुवारी पुसणार.

शेख बसयूनी दोनशे बारावे.

ते माझे वडील. गावावरून पडलेल्या त्या नावामुळे ऑफिसात कुणाला पत्ता नव्हता. घशाच्या आजारानंतर त्यांचं गाणं थांबलं. त्यांच्या आवाजाचं जगात एवढंच उरलं होतं.

"ज्यानं ही यादी केली, त्याला मोजता तरी येतं का?" मी पुटपुटले.

"शंभरापर्यंत येतं," तो माणूस शांतपणे म्हणाला. "मी हातिम. कालच कैरोहून आलो."

गाल तापले… पण मागे कोण हटतं! "मी नश्वा. दाखवा तुमची मोजणीची स्क्रिप्ट."

"चारच ओळी आहेत, इंजिनिअरबाई. सुबक आहेत ना?"

"सुबक आहेत. चुकल्याही आहेत."

कुणी गाणं लावलं की लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीत, गाणाऱ्याच्या नावाची एक ओळ पडते. हातिमची स्क्रिप्ट एकाखाली एक आलेली सारखीच नावं मोजत होती. मध्ये दुसरं नाव आलं, की पुन्हा एकपासून सुरू. मग एकाच नावाचे ढीगभर आकडे निघाले, आणि त्यानं त्यातला मोठा ठेवून बाकीचे खोडले. कुणाच्या फोनवर एकच गाणं पन्नासदा फिरलं, की ते वर. बाबांना लोक दिवसभर, एकेक करून ऐकत होते… म्हणून ते खाली.

"उरुसात कुठल्या गावाची किती माणसं आली, हे गर्दी फिरत असताना मोजाल?" मी विचारलं. "आधी एकेका गावाला एकत्र बसवा. मग मोजा."

हातिमनं ग्लास खाली ठेवला. "क्रम लावायचाच राहिला…" त्याचे कान लाल झाले. सबब मात्र एकही सांगितली नाही. तेवढ्यानं तो मला आवडला, हे आता कबूल करते.

त्यानं ओळ दुरुस्त केली. नावं सरसर हलली. शेख बसयूनी — चोविसावे.

मी श्वास सोडला, आणि तेवढ्यात ऐकणाऱ्यांच्या इंटरनेट पत्त्यांवर नजर गेली.

"हा पत्ता मोजणीतून काढा."

"का?"

"आमच्या घरचा आहे. आई रोज पीठ मळताना हेच लावते."

तो बघतच राहिला. "म्हणजे शेख बसयूनी…"

"माझे वडील."

"मग राहू द्या ना. आकडे फार जवळजवळ आहेत, चाळिसाच्या बाहेर जातील. कोण विचारणार आहे?"

"मीच विचारीन, रोज. ज्या गळ्यानं जन्मभर नबींचं नाव घेतलं, त्याला घरच्यांच्या टाळ्यांवर वर बसवू?"

हातिम बाजूला झाला. खुर्ची माझ्याकडे सरकवली. "तुम्ही चालवा."

मी बिस्मिल्लाह म्हटलं, कळ दाबली आणि डोळे मिटले.

"सदतीस," त्याचा आवाज आला — अगदी हळू. "इंजिनिअरबाई, सदतीस."

परक्यांच्या कानांनी निवडलेले, निखळ सदतिसावे. माझी मान आपोआप ताठ झाली, अन् डोळे भरून आले.

हातिमनं दारावरची यादी काढून नवी लावली. खाली जाड अक्षरांत लिहिलं — आधीची चूक हातिमची, शोधली नश्वा यांनी.

"अहो, सगळे वाचतील."

"वाचू देत. मला मिरवायचंय."

"चूक?"

"नाही…" तो पेनाचं टोपण उगाच लावत-काढत राहिला. "शुक्रवारी नमाजनंतर तुमच्या घरी आलो, तर शेख भेटतील?"

"कशाला? मोजणी समजावायला?"

"ती तुम्हीच समजावा. मला त्यांच्याकडे… काही मागायचंय."

बाहेर पाऊस थांबला होता. मी यादीचा कोपरा नीट दाबून बसवला. त्याच्याकडे बघायचा धीर होईना.

"मग एकटे येऊ नका," मी म्हणाले. "तुमच्या आईला घेऊन या."