विनी मॅडमला बोलावणं

हे खरं आहे. ज्याला पटत नसेल त्याने इथेच थांबावं, उगाच माझं डोकं खाऊ नये.

गोष्ट माझ्या सख्ख्या मावशीची, सुहासिनीमावशीची. जागा दुबईतलं देरा, खाडीजवळचं एक छोटं थिएटर. आता तिथे जिम आहे. संध्याकाळ २०१०च्या फेब्रुवारीतली. पण सुरुवात त्याच्या आधीची आहे, २००८च्या मंदीतली.

मावशी लग्नाआधी पुण्यात नाटकांत कामं करायची. राजाभाऊकाकांना दुबईत नोकरी लागली आणि तिचं नाटक सुटलं. मुलं मोठी झाल्यावर तिने या थिएटरात कपडेपट सांभाळायची नोकरी धरली. रंगमंच नाही तर नाही, निदान त्याचा वास तरी, असं म्हणायची.

तिथे लंडनहून विनिफ्रेड पास्को नावाची नटी आली. सगळे तिला विनी मॅडम म्हणायचे. साठी उलटलेली, ताठ कण्याची, तोंडात कायम पेपरमिंटची गोळी.

मावशी तिच्या झग्याच्या पाठीवरच्या हुका लावायची आणि मॅडम बोलत राहायची. पोरवयात फिरत्या नाटक कंपनीत शिरली. आधी झाडू मारला, मग मोलकरणी केल्या, मग राण्या. टीव्हीवर एका मालिकेत वर्षानुवर्षं हॉस्पिटलची कडक मेट्रन केली. लोक बाजारात थांबवून तिला जीभ काढून दाखवायचे. आणि पन्नाशी उलटली तशी लेखकाने एका एपिसोडमध्ये तिला बसखाली घातलं.

खलास.

नंतर फोन वाजायचा तो प्रेताच्या कामासाठी. नाहीतर खुर्चीत पेंगणाऱ्या आजीच्या.

"सू, मी मेले नव्हते," ती मावशीला सांगायची. "त्यांनी मला मारलं."

दुबईत तिला म्हाताऱ्या राणीचं काम मिळालं होतं. अख्खं नाटक तिच्या खांद्यावर. या एका कामावर ती परत उभी राहणार होती.

तिची एक पद्धत होती. तिच्या देशात नटाला दारावर थाप मारून बोलावतात. "बिगिनर्स, प्लीज." म्हणजे पहिल्या प्रवेशातल्यांनी चला. आतून "थँक यू" म्हणायचं. तोवर बोलावणारा दारावरून हलत नाही. आणि बोलावणं आल्याशिवाय नट खोलीतून हलत नाही.

पहिल्या प्रयोगाच्या संध्याकाळी मावशीने शेवटची हूक लावली आणि बाहेर आली. समोर उल्हास. थिएटरचा मॅनेजर, आपलाच मराठी माणूस.

"ताई, शो होत नाहीये. प्रोड्युसर पळाला. सगळ्यांना मेसेज गेलेत. तुम्ही निघा."

"आणि मॅडम? ती फोन आत नेत नाही. झगाही तिला एकटीला काढता यायचा नाही."

"मी सांगतो ना. कपडेपटातल्या वीणाला पाठवतो हुका काढायला. यल्ला, जा तुम्ही."

त्याने सांगितलं नाही. वीणालाही पाठवलं नाही. वाईट बातमी सांगायची म्हणजे समोर उभं राहावं लागतं, आणि तेवढा दम त्या माणसात नव्हता. बाहेरचे दिवे घालवून, शटर ओढून तो घरी गेला.

सकाळी साफसफाईवाल्या गनीने मेकअपरूम उघडली.

आरशाभोवतीचे सगळे दिवे चालू होते. मॅडम राणीच्या वेशात, पाठ ताठ, दाराकडे मान वळवून बसली होती. हृदय बंद पडलं, डॉक्टर म्हणाले.

मी म्हणतो, वाट पाहून पाहून पडलं.

उल्हासला कुणी जाब विचारला नाही. मंदीत ज्याच्या त्याच्या पोटाला आग लागली होती. मावशीने मात्र त्याच्या तोंडावर विचारलं, "सांगितलं का नाहीस?"

"राहून गेलं, ताई," तो म्हणाला.

राहून गेलं म्हणे. दूध आणायचं राहून जातं.

पुढे आमच्या मराठी मंडळाने नाटक बसवलं आणि व्यवस्थेला हाच उल्हास. मावशीला आईचं मुख्य काम मिळालं, म्हणून तिने जीभ चावून सहन केलं. इतक्या वर्षांनी तोंडाला रंग लागणार होता. भाजी चिरताना संवाद, इस्त्री करताना संवाद. काका म्हणायचे, आमटीत मीठ नसलं तरी चालेल, हिच्या संवादात सगळं आहे.

थिएटर तेच. मेकअपरूमही तीच.

मावशी नऊवारी नेसून आरशासमोर बसली. उल्हास दारातूनच म्हणाला, "ताई, तुम्ही इथेच बसा. वेळ झाली की मी बोलावतो."

पहिली घंटा झाली.

दुसरी झाली.

उल्हास आला नाही.

भिंतीवरच्या स्पीकरमधून रंगमंचावरचा आवाज येत होता. माइक तपासत होते. आणि त्या आवाजात... मावशीला स्वतःचं पहिलं वाक्य ऐकू आलं.

शुभ्राच्या तोंडून.

शुभ्राच्या नवऱ्याने हॉल मिळवून दिला होता. जेमतेम तिशीची पोर, केसांना पांढरी पावडर फासून म्हातारी झाली होती. चोरून तालमी झाल्या होत्या आणि मावशीला सांगायचं पुन्हा "राहून गेलं" होतं.

मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आता तिसरी घंटा होणार, पडदा वर जाणार, आणि ती या खोलीत बसून राहणार होती.

तेवढ्यात स्पीकर बंद पडला.

एसीची घरघर थांबली.

आणि दारावर... थाप पडली.

ठक. ठक. ठक.

"सू... बिगिनर्स, प्लीज."

मावशी म्हणते, तो आवाज मी शंभर बायकांत ओळखला असता.

तिने दार उघडलं. पॅसेजमध्ये कुणी नव्हतं. पेपरमिंटचा वास होता, नुकतंच कुणी तोंडाजवळ येऊन बोलावं इतका ताजा. घाबरायला तिला वेळ नव्हता. ती रागातच तरातरा विंगेकडे निघाली. मागून झग्याची सळसळ येत होती. तिने वळून पाहिलं नाही.

विंगेत गोंधळ माजला होता. उल्हास तिसऱ्या घंटेचं बटण दाबत होता आणि घंटा वाजत नव्हती. शुभ्रा रंगमंचावरून धावत आली, पांढरीफटक.

"मला कुणीतरी खांद्याला धरून बाजूला केलं," ती म्हणाली. "हात गार होते. मी नाही जाणार परत."

मावशी तिच्या जागेवर जाऊन उभी राहिली.

उल्हासने बटणावरचा हात काढला होता.

तरीही तिसरी घंटा वाजली.

प्रयोग असा झाला की लोक अजून नाव काढतात. उल्हास शेवटचा पडदा पडेपर्यंत विंगेत भिंतीला टेकून होता. शेवटी त्याने मावशीला एवढंच विचारलं, "ताई, तुमच्या मागून झगा घालून कोण आलं?"

"ज्यांना सांगायचं तुझं राहून गेलं त्या," मावशी म्हणाली.

आठवड्याच्या आत तो दुबई सोडून गेला. कुठे गेला, मला कर्तव्य नाही.

इथे संपलं असतं तर मी ही गोष्ट हसत सांगितली असती.

पण मावशी त्या रागाच्या भरात एक गोष्ट विसरली होती. तिने "थँक यू" म्हटलंच नव्हतं.

तिच्या शारजाच्या फ्लॅटच्या दारावर रोज संध्याकाळी मगरिबच्या अजानीनंतर थाप पडू लागली. काकांनी दार उघडून पाहिलं. कुणी नाही. वॉचमन अहमदने जिना पाहिला. कुणी नाही.

"एकदा थँक यू म्हण आणि मोकळं कर तिला," मी मावशीला म्हणालो.

ती आरशासमोर पावडर लावत होती. रोज लावायला लागली होती.

"म्हटलं की ती जाईल," ती म्हणाली. "मग मला कोण बोलावणार रे? तुमचं मंडळ? त्या प्रयोगानंतर एकाने तरी फोन केला? शुभ्राच्या नवऱ्याला कोण दुखावणार? साठीच्या बाईला बोलावणारी ती एकटीच आहे. तेवढं बोलावणं तरी कशाला तोडतोस?"

तिचा राग खरा होता.

तेवढ्यात बाहेर... ठक. ठक. ठक.

माझी मुलगी आभा तेव्हा सहा वर्षांची, इथेच वाढलेली. मराठीत विचारा, इंग्लिशमध्ये उत्तर देणार. शाळेने शिकवलेल्या रीतीभाती अंगात मुरलेल्या. ती दाराजवळच खेळत होती. बाहेरून कुणी काहीतरी म्हणालं, तसं तिने मान वर करून गोड आवाजात उत्तर दिलं.

"थँक यू."

मावशीचा हात आरशासमोर तसाच राहिला.

त्यानंतर थाप पडली नाही. दुसऱ्या दिवशी नाही, महिन्यात नाही.

मावशीने मला एका शब्दाने दोष दिला नाही. ती फक्त रोज संध्याकाळी नऊवारी नेसून, खोलीचं दार लावून आरशासमोर बसू लागली. जेवायला हाक मारली तरी उठेना. बोलावणं आल्याशिवाय नट खोलीतून हलत नाही.

काकांनी मला खलिफा सिटीहून, माझ्या घरून, बोलावून घेतलं. एवढा हिशेबी माणूस, डोळ्यांत पाणी होतं.

"तूच मार थाप," ते म्हणाले. "माझा हात होत नाही."

मी तिच्या खोलीसमोर उभा राहिलो. स्वतःचाच संताप येत होता, उल्हासचा येत होता, त्या बसखाली घालणाऱ्या लेखकाचाही येत होता. मी थाप मारली.

"बिगिनर्स, प्लीज."

आत खुर्ची सरकली. झग्याची सळसळ झाली.

आणि आतून एकदमच... दोन आवाज आले.

"थँक यू."

"थँक यू."

मावशी बाहेर आली. एकटीच. कित्येक दिवसांनी पोटभर जेवली. तिच्या मागे दार अर्धवट उघडं होतं आणि पेपरमिंटचा वास येत होता. मी आत डोकावलो नाही.

आता रोज काका थाप मारतात. मावशी हसत बाहेर येते, जेवते, काकांना संवाद म्हणून दाखवते.

फोनवर मी सगळं विचारतो. बीपी, गुडघे, औषधं.

आतून किती उत्तरं येतात, ते अजून विचारलेलं नाही.