खुणेची जाळी

पहिल्यांदा दिसला तेव्हा तो रानतुतीच्या काटेरी जाळीत अडकला होता — शर्टाची बाही एका फांदीत, केस दुसरीत.

"हलू नका," मी हसू दाबत म्हटलं आणि काटे सोडवू लागले.

"हलतोय कोण? तुम्ही म्हणाल तोवर उभा राहीन."

डोंगरावरच्या झुडपांची नोंद करणं हे त्याचं काम. त्या जाळीला खुणेचा दोरा बांधून त्याने फुलं कागदात दाबून नेली. फळं धरली की तो परत येणार होता, कारण नोंदीला फूल आणि फळ एकाच झुडपाचं लागतं.

आला. आमच्याच मागच्या खोलीत उतरला. बाबांची दृष्टी गेल्यापासून ती खोली मी भाड्याने देते.

फळ पिकलं की दुसऱ्या दिवशी निघणार, असं त्याने आल्या आल्या सांगून टाकलं. मग मी काय करावं? रोज सकाळी, तो उठायच्या आत, वर जाऊन पिकलेलं एकूण एक फळ मी खाऊन यायचे. लाज वाटायची... पण गोडही लागायचं.

"इथली पाखरं फार माजलीत," तो चहा घेताना म्हणायचा.

"मग हाकला की!"

"इतकं देखणं पाखरू... हाकलवत नाही हो."

माझे कान तापायचे. बाबा गालातल्या गालात हसायचे.

असे बारा दिवस गेले. माझ्या जन्मातले सगळ्यात चांगले. तेराव्या दिवशी त्याचं फोनवरचं बोलणं माझ्या कानावर पडलं.

"अजून पिकलं नाही, साहेब... हो, शुक्रवारपर्यंत नोंद नाही आली तर नोकरी जाईल, कळतंय मला... शेजारच्या झुडपाचं? नाही, खोटं नाही लिहिणार."

माझ्यापायी हा नोकरीवर पाणी सोडायला निघाला होता, आणि मी आपली मजेत फळं खात होते.

मी वर जाणं बंद केलं. गुरुवारी जाळी काळीभोर झाली. फळांनी लगडलेली फांदी मीच कापली आणि त्याच्या हातात ठेवली.

त्याने फांदी फिरवून फळं पाहिली. "पाखराला काय झालं?"

"अक्कल आली."

"चल ना माझ्याबरोबर..." पहिल्यांदाच तो माझ्याशी एकेरीत बोलत होता. "बाबांनाही नेऊ."

"या घरात ते भिंतीला हात न लावता फिरतात. तिकडे नेलं तर पुन्हा आंधळे होतील."

"मग मी राहतो. तू फक्त सांग..."

सांगायचं होतं. ओरडून सांगायचं होतं. पण डोंगरामागून डोंगर पालथे घालणारा हा माणूस आमच्या अंगणात किती दिवस रमला असता? आणि एके दिवशी त्याने माझ्याकडे कंटाळून पाहिलं असतं, तर ते मला सोसलं नसतं.

"तुम्ही मला आवडता," मी म्हटलं. "फार आवडता... गाडी साडेनऊला आहे."

फांदी त्याला दोन्ही हातांनी जपून धरायची होती. म्हणून त्याची बॅग थांब्यापर्यंत मीच उचलून नेली.