त्याची उजवी बाजू

पटलं तर घ्या, पण मी स्वतः तिथे होतो. आणि हे घडलं भर दुपारी. थिएटरात अंधार होता, पण तो तिकिटातच येतो.

मामा एका जुन्या थिएटरात प्रोजेक्टर चालवायचा. त्या रविवारी खेळाआधी तो एक रीळ तपासणार होता. मावशी हट्टानं आली आणि रिकाम्या हॉलमध्ये पुढे जाऊन बसली. मी वर, मामाजवळ.

सिनेमा 'त्याचा' होता. हॉलिवूडचा, कृष्णधवल जमान्यातला नायक. मावशी काकांना 'हे' म्हणायची आणि याला 'तो'. त्यातला जवळचा कोण, हे काकांनाही ठाऊक होतं.

होताच तसा राजबिंडा. कोरीव जबडा, एक भुवई किंचित वर. सैनिक, जुगारी, न्यायाधीश... काहीही शोभायचं. साठीतही विशीतली नायिका त्याच्यावर भाळली तर कुणी हसत नसे.

पण अख्ख्या कारकिर्दीत कॅमेऱ्याकडे फक्त डावा गाल.

उजवा कुणीच पाहिला नव्हता.

"मरायच्या आधी एकदा ती बाजू बघायचीय रे," मावशी म्हणायची.

मामानं प्रोजेक्टरचा दिवा लावला. चित्र आलं...

आवाज नाही.

दुकानाच्या पाटीवरची अक्षरं उलटी.

"च्यायला! फिल्म उलट्या बाजूनं घातली," मामा म्हणाला.

खालून मावशी ओरडली, "अरे, उजवा गाल दिसतोय! बंद करू नकोस!"

"ताई, तो डावाच आहे गं! आरशातल्यासारखा दिसतोय, एवढंच!"

तेवढ्यात पडद्यावर तो चालता चालता थांबला.

मान वळवू लागला...

"हा इथे वळत नाही," मामा पुटपुटला. "शंभरदा दाखवलाय मी. सरळ निघून जातो."

मावशी उठून पडद्याकडे निघाली होती.

मामानं झटक्यात दिवा बंद केला.

चित्र तसंच राहिलं...

तो वळला. आमच्याकडे नाही. खाली, तिच्याकडे.

मी जिना उतरून धावलो. आत शिरलो तेव्हा पडदा काळा होता. मावशी त्याला नाक लावून उभी.

"मावशी, काय दिसलं?"

"काही नाही."

"म्हणजे?"

"त्या बाजूला काही नाहीच."

डब्यात साखर नाही म्हणावं, तशी म्हणाली.

आता ती ठणठणीत आहे. जेवते, भांडते. फक्त कुणीही आलं की आधी म्हणते, "जरा तिकडे वळ बघू." उजवा गाल न्याहाळते. मग "हं, बस." काकांना तर रोज सकाळी वळावं लागतं. "लग्नानंतर पहिल्यांदाच बघतेय माझ्याकडे," ते म्हणतात.

परवा मी गेलो. सवयीनं वळलो.

"हं" आलं नाही...

तिची खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मागे.

"मावशी?"

"उशीर झालाय. नीघ तू."

तेव्हापासून त्या बाजूची दाढी मी अंदाजानं करतो.