कान न धरता गायलेला मारवा

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर खुशाल हसा. पण यातलं एक अक्षर रचलेलं नाही. केतकी माझी सख्खी नणंद. गेल्या डिसेंबरात, आबिड्सच्या सभागृहात, तिच्या मैफलीला मी दुसऱ्या रांगेत बसले होते.

केतकी पुण्याची, हैदराबादेत आयटीत. नोकरी सांभाळून नल्लकुंट्याच्या पद्मावतीबाईंकडे ख्याल शिकली. बाई महातापट. सूर घसरला की सरळ कान पिळायच्या. जाण्याआधी त्यांनी स्वतः बांधलेली मारवा रागातली बंदिश तिला दिली. दुसऱ्या कुणालाच दिली नव्हती.

"गाण्याआधी माझं नाव घे अन् कान पकड," बाई म्हणाल्या. "नाही पकडलास तर तुझा षड्ज काढून घेईन मी. हसू नक्को!"

केतकी हसलीच होती.

खरं तर ही रीत गाणाऱ्यांना शिकवावी लागत नाही. गुरूचं नाव घेतलं की हात आपसूक कानाच्या पाळीला जातो. पण त्या दिवशी मुंबईच्या एका मोठ्या महोत्सवाचे आयोजक समोर बसले होते. त्यांना स्वतः बंदिशी बांधणारी गायिका हवी होती. आणि केतकीला तिथे गायचंच होतं, त्यासाठी ती नोकरीवर पाणी सोडायला तयार होती.

"ही माझीच रचना," ती माइकवर म्हणाली.

हात मांडीवरच राहिला.

अगं, बाईंना जाऊन वर्षही झालं नव्हतं!

बाहेर दिवस मावळत होता. मारव्याचीच वेळ. या रागात षड्जावर, म्हणजे सा वर, लवकर येतच नाहीत. ऐकणाऱ्याचा जीव टांगणीला लावतात, मग सा लागतो आणि सगळे सुटतात. केतकी गात सुरेख होती, खोटं कशाला बोलू.

आणि मग... तिच्या मागचा तंबोरा गप्प झाला.

वाजवणारी शिल्पा तारा छेडत होती. बोटं हलत होती. आवाज मात्र येत नव्हता...

केतकीनं मान झटकली. पुन्हा झटकली.

नंतर मला म्हणाली, "वहिनी, कुणीतरी उजवा कान चिमटीत धरला होता. बोटं गार होती. आणि ओळखीची."

अंतरा आला. आवाज चढत गेला. आता वरचा सा...

तोंड उघडं. गळ्याच्या शिरा ताठ.

आवाज नाही.

आयोजक उठून गेले.

घरी येऊन बघते तर काय, तिच्या कानाच्या पाळीवर नखांच्या खुणा! काळ्यानिळ्या.

डॉक्टर म्हणाले, गळा ठणठणीत आहे. बाकीचे सगळे सूर लागत होते. सा आला की तोंड नुसतं उघडायचं. सा नसेल तर गाणाऱ्याकडे उरतं काय, सांगा?

शेवटी मी तिला नल्लकुंट्याला घेऊन गेले. बाईंचे भाऊ भगवंतराव खालीच राहतात. त्यांनी वरच्या, बाईंच्या खोलीचं कुलूप काढलं. फोटोसमोर केतकी गुडघ्यांवर बसली. दोन्ही कान धरले. ढसाढसा रडली.

"बाई, चुकले. तुमची बंदिश मी चोरली. माझा सा परत द्या."

आणि तिचे हात... कानांवरून निघाले.

तिनं काढले नाहीत हो. कुणीतरी झटकून टाकले. माझ्या डोळ्यांदेखत.

आम्ही कशाबशा बाहेर आलो. भगवंतरावांनी कुलूप लावलं. आम्ही दोघी जिन्यात होतो, अंधारून येत होतं, आणि बंद दाराआडून...

सा.

लखलखीत. स्थिर. कोवळ्या गळ्याचा.

भगवंतराव निवांत म्हणाले, "हौ, रोज येतो हा आवाज. दिवस मावळला की. डिसेंबरपासून. दोनदा उघडून बघितलं, आत कोणीच नाही. आता बघत नाही मी."

केतकीनं माझा हात घट्ट धरला.

"वहिनी... हा माझा आवाज आहे."

आता ती ऑफिस सुटलं की विद्यानगरला आमच्या घरी येत नाही. नल्लकुंट्याला जाते. त्या बंद दाराला उजवा कान लावून उभी राहते, आपलाच सा ऐकत. मी एकदाच तिला आणायला गेले होते.

तिच्या कानावरच्या खुणा ताज्या होत्या.