थोरल्याची फुंकर

पाण्याचा थेंब नसलेल्या त्या माळावर सोनं वाऱ्यानेच पाखडावं लागे. भात्याच्या यंत्राचा दांडा धाकटा फिरवी, वहिनी वरून माती सोडी. हलकी धूळ उडून जाई, जड कण आडव्या पट्ट्यांमागे अडकत. अट एकच: माती ठणठणीत कोरडी हवी. ओल्या ढेकळाला चिकटलेलं बारीक सोनं धुळीबरोबर गेलंच म्हणून समजा.

आजची माती थोरल्याच्या खड्ड्याशेजारची होती. गेल्या वर्षी दरड कोसळली आणि थोरला, वहिनीचा नवरा, त्यात गाडला गेला. दोघांनी दोन दिवस उकरलं. तिसऱ्या दिवशी धाकटा म्हणाला, "वहिनी, आत एवढे दिवस हवा पुरत नाही. पुरे आता." ती हो म्हणाली. त्या एका 'हो'पायी वर्षभर तिच्या घशाखाली धड घास उतरला नव्हता.

चार दिवस पत्र्यावर उन्हात पसरूनही मातीत वीतभर ओला डाग राहिलाच होता.

"आभाळ कोरडंठाक, मग ही ओल कुठली?"

"तेवढी सोडा, बाकीची घ्या," धाकटा तिकडे न बघता म्हणाला.

दुपारी ताटलीत काळी वाळू आणि चिमूटभर सोन्याची पूड उरली. वाळू आता तोंडाने फुंकून काढायची. हे काम थोरल्याचं. तीनदा आखूड फुंकर, एकदा लांब. वाळूची चंद्रकोर बाजूला आणि सोनं जागच्या जागी. वहिनीने फुंकलं की आधी सोनंच पळे. "तुझ्या फुंकण्यापेक्षा शिंक बरी," असं तो चिडवायचा. ताटली खोक्यावर ठेवून ती पाणी प्यायला गेली.

परत येऊन बघते तर काळ्या वाळूची चंद्रकोर झालेली. मधे सोनं, स्वच्छ.

"भावोजी, तुम्ही फुंकलंत?"

"मला कुठे जमतं ते!"

भाता थांबलेला होता. वारा पडला होता. तरी पत्र्याकडून आवाज आला.

तीन आखूड. एक लांब.

धाकटा दचकला नाही. वहिनीला त्याचीच भीती वाटली.

"तुम्ही हा आधी ऐकलाय."

त्याने आता पहिल्यांदा पत्र्याकडे पाहिलं. "तिसऱ्या दिवशी. खालून येत होता. मला वाटलं, वारा असेल."

"वाटलं?"



तिने ओल्या डागावर तळहात ठेवला. हाताला वाफ लागली, खालून कुणी श्वास सोडावा तशी. ती उठली, धावत जाऊन खड्ड्यापाशी पडलेलं फावडं घेऊन आली.

तोवर पत्र्यावरची सगळी माती ठणठणीत कोरडी झाली होती.